ओट्याची ॲडमिन

नीतू कटरे चिडली की टाइप करत नाही, बोलते. तिचा आवाजी मेसेज आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो, कारण तो लांब असतो आणि मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असल्यामुळे कान देऊन ऐकावा लागतो.

“कैलाशभाऊ, पाहून राहिले का तुमी? सकाळपासून ग्रुपवर नुसते गुलाबाचे फुलं येऊन राहिले. शुभ सकाळ, शुभ सकाळ. एका पोरीनं विचारलं की गिऱ्हाइकानं काम घेतलं आन् फोन उचलणं बंद केलं तं का करायचं. तिचा प्रश्न त्या फुलाइच्या खाली गाडला गेला. मी कायले करते हे सगळं, सांगा बरं.”

हा प्रश्न तिने मला इतक्यांदा विचारला आहे की मी उत्तर देणं सोडून दिलं आहे. ऐकून घेतो आणि म्हणतो, “जेवली का?” त्यावर ती आणखी चिडते.

मी लग्नाचे अल्बम लावतो. फोटोग्राफर फोटो पाठवतात, मी ते पानांवर बसवतो, छापायला देतो. माझ्यावर साहेब नाही, हजेरी नाही आणि हक्काची सुट्टीही नाही. नीतूचं तसंच. तिच्या कामात दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या लोकांच्या मुलाखती आणि बैठका ऐकायच्या आणि शब्द न् शब्द लिहून काढायचा. काम देणारे पुण्याचे, दिल्लीचे, कधी कुठले ते तिलाही कळत नाही. ती गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात राहते, एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत. नवरा ओमेश्वर राईस मिलमध्ये दिवाणजी आहे. तो सकाळी निघून गेला की संध्याकाळपर्यंत घरात तिचा स्वतःचा असा एकच आवाज असतो, आणि तोही ती फारसा वापरत नाही.

आमच्यासारख्या सुट्या माणसांचा जिल्ह्यात एक संघ आहे. लग्नाचं शूटिंग करणारे, अल्बमवाले, अनुवाद करणारे, टायपिंगवाले, घरून हिशेब लिहिणारे, कोणाचे कायमचे नोकर नसलेले सगळे. गुलाबचंद बोपचे त्याचे सचिव. पूर्वी ते वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायचे. माणूस धडपड्या आहे, पण त्यांना गर्दी मोजायला आवडते.

नीतू संघाच्या पहिल्या बैठकीला आली ती मला आठवते. गोंदियात एका लग्नाच्या हॉलमध्ये बैठक होती. ती आली आणि पाण्याच्या कॅनजवळ उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या. ती उभी राहिली ती शेवटपर्यंत उभीच. बाहेर पडताना मी विचारलं, “बसल्या काऊन नाही?”

ती म्हणाली, “कोणी बस म्हटलं नाई.”

मला तेव्हा ते हट्टी वाटलं. तिचं माहेर आमगावकडचं, पोवारांचं शेतकरी घर. आलेल्या माणसाला आधी बस म्हणायचं, मग पाणी, मग काम विचारायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. पुढच्या बैठकीत तिनेच हात वर केला आणि सांगितलं की सभासदांसाठी फोनवर एक ग्रुप हवा, जिथे नवा माणूस आला तर कोणीतरी त्याला बस म्हणेल. गुलाबचंदांनी लगेच हो म्हटलं, कारण काम दुसरं कोणी करणार होतं. ग्रुपचं नाव नीतूने ठेवलं ‘ओटा’. घरासमोरचा ओटा, जाता-येता माणूस टेकतो तो.

नवं कोणी आलं की तिचा मेसेज जायचा: ‘या, बसा. काय काम करता ते सांगा.’ मग ती त्याच धंद्यातल्या एखाद्या जुन्या सभासदाला हाक मारायची. फोटोवाल्याला फोटोवाला, टायपिंगवालीला टायपिंगवाली. पहिले काही महिने हे फार छान चाललं. माझीच दोन-तीन नवी गिऱ्हाइकं ओट्यावरून आली.

मग ओटा भरला आणि नीतूचे हाल सुरू झाले.

लोकांना वाटायचं, ती संघाची पगारी बाई आहे. जेवणाच्या वेळेला फोन यायचा, “मॅडम, माझा पासवर्ड विसरला.” कोणी देवाचे फोटो टाकायचे, कोणी प्लॉट विकायला काढायचे. तिने नियम लिहिले, ते सगळ्यात वर टांगले, आणि ते कोणीही वाचले नाहीत. नव्याने काही विचारलं तर जुने लोक उत्तर द्यायचे, ‘वर पाहा, आधी झालं आहे.’ वर म्हणजे कुठे, तर हजारो मेसेजांच्या वर. हिंदीत लिहिणाऱ्याला मराठीत लिही म्हणणारे होते, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ‘भैया, हिंदी में समझाओ’ म्हणणारेही. नीतू एकाला समजवायची तोवर दुसरा रुसून निघून जायचा. तिचं स्वतःचं काम मागे पडायचं. एकदा मुलाखत लिहिता लिहिता ती मध्येच ओट्यावर भांडण सोडवायला गेली आणि त्या मुलाखतीत एका डॉक्टरच्या तोंडी ‘कृपया ग्रुपवर जाहिराती टाकू नका’ असं वाक्य गेलं. काम परत आलं. त्या दिवशीचा आवाजी मेसेज मी ऐकला, पण त्यात शब्द कमीच होते.

दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडयांच्या, म्हणजे जत्रांच्या दिवसांत, शामकला वलथरे ओट्यावर आली. नवेगाव बांधची, तळ्याच्या काठावर मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्या कामाबद्दल आमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलंही नव्हतं. कुठलीशी कंपनी यंत्राला लोकांची बोली शिकवत होती. फोनवर एक वाक्य यायचं, ते आपल्या घरी बोलतो तसं बोलून पाठवायचं. बोलणं पास झालं तर त्याचे पैसे.

नीतूने ‘या, बसा’ म्हटलं. शामकलाने आवाजातच विचारलं, “मी कवापासून वाक्य बोलून राहिली. ते म्हणतात घरच्यासारखं बोला. घरच्यासारखं बोलली तं नापास करून राहिले. काऊन करून राहिले, कोणाले मालूम असन तं सांगा.”

त्या वेळी नीतूच्या कानावर हेडफोन होते आणि ती कोणा दुसऱ्याची बैठक लिहीत होती. ओट्यावर होता चुन्नीलाल. लग्नाचं शूटिंग करतो, ड्रोन उडवतो, आणि तरुणपणी गावच्या दंडारीत, मंडईतल्या नाच-नाटकात, हसवणाऱ्याचं काम करायचा. कोणाचाही आवाज हुबेहूब काढतो. त्याने शामकलाचा आवाज काढला, तेच वाक्य लांबवून, हेल काढून, शेवटी मासा बोलतोय असं काहीतरी जोडून ओट्यावर टाकलं. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी तो चेहरा टाकला नाही, पण मीही काही बोललो नाही. अल्बम छापायला द्यायची घाई होती.

नीतूने संध्याकाळी हेडफोन काढले तेव्हा ‘शामकला बाहेर पडल्या’ एवढीच ओळ शिल्लक होती.

तिने चुन्नीलालला फोन लावला. मी नंतर दोघांकडूनही ऐकलं, म्हणून सांगतो.

“माफी मागा,” नीतू म्हणाली.

“अवो बाई, मजाक केला. मंडईत एवढे लोक हासतात, कोणी माफी मागाले नाई लावत.”

“मंडईत तिकिट काढून येतात हासाले. ती विचाराले आलती.”

“तुमी लय मनावर घेता.”

तिने त्याला ओट्यावरून काढून टाकलं. त्याच्यासोबत शूटिंगवाल्यांची अख्खी टोळी बाहेर पडली. गुलाबचंदांचा फोन आला. चुन्नीलालने संघाला पुष्कळ सभासद आणून दिले होते, मेळाव्याचं शूटिंगही तो फुकट करायचा.

“मॅडम, ये संघटना है, हळदीकुंकू नाही,” गुलाबचंद म्हणाले. “या बसा, या बसा करत बसलो तर मोर्चाला कोण येईल?”

“ज्याले कोणी बस म्हणत नाई तो मोर्चाले तरी कायले येईन?” नीतू म्हणाली.

गुलाबचंदांनी चुन्नीलालला परत घेतलं आणि ओट्याचं सेटिंग बदललं, की आता फक्त ॲडमिनच लिहू शकेल. नीतूने ते उघडलं. त्यांनी परत बंद केलं. तिने परत उघडलं. हे दोन दिवस चाललं. सभासदांना वाटलं फोन बिघडले. शेवटी नीतूने हात टेकले. ओटा बंद राहिला, त्यावर संघाच्या सूचना येत राहिल्या, आणि तिथे अजून बोलू शकणारी नीतू एक अक्षर लिहीत नव्हती.

“आता तं निवांत झाल्या ना तुमी,” मी म्हणालो.

“निवांत कायची, डोकं फुटून राहिलं,” ती म्हणाली. “मी नवेगावले जाते. येता का?”

एसटीने गेलो. गोरेगाव, कोहमारा, मग आत. धान कापून झाला होता, रस्त्याच्या कडेला पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. नीतू खिडकीशी बसून पूर्ण रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होती. “मी सांगीन की ग्रुपची चूक आहे. मी सांगीन की आता असं होणार नाई.” मी म्हटलं, ग्रुप तर बंद आहे, मग काय होणार नाही? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कोहमाऱ्यापर्यंत पुंजणे मोजत बसलो.

शामकलाच्या दारात तिची सासू अनुसयाबाई चटईवर बारीक मासे वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सुनेला हाक मारली. शामकला बाहेर आली. तिशीची असेल, हात ओले, नजर सरळ.

नीतूने घोकलेलं सगळं बोलून दाखवलं. शामकलाने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली, “त्या माणसानं माझी नक्कल केली, त्याचं मले तेवढं नाई वाटलं. चांगली केली त्यानं. मंडईत असती तं मीबी हासली असती.”

“मंग सोडून काऊन गेल्या?”

“तुमच्या ग्रुपात एवढे लोक. मी एक गोष्ट विचारली. एकानंबी नाई सांगतलं. तुमी ‘या, बसा’ म्हटलं, मी बसली. मंग का? बसूनच राहू का?”

शामकलाने फोन काढून वाक्यं दाखवली. पडद्यावर पुस्तकातली मराठी: ‘मी बाजारात जात आहे.’ तिने बोललेलं: ‘मी बजारात जाऊन राहिली.’ पुढे लाल फुली आणि दोन शब्द, ‘उच्चार अस्पष्ट’. खाली सरकत गेलं की फुल्याच फुल्या.

“परत येता का ओट्यावर?” नीतूने उठताना विचारलं.

“नाई येत,” शामकला म्हणाली. “पण फुल्याचं कळलं तं सांगजा.”

परतीच्या गाडीत नीतू म्हणाली, “एवढ्या दूर आली आन् बोलणे खाऊन चालली.” थोड्या वेळाने, “तिचं बरोबर आहे, म्हणून तं राग येऊन राहिला.”

शामकलाने परवानगी देऊन काही आवाज पाठवले होते. ऐकणं हा नीतूचा धंदाच. तिने ते सगळे ऐकले. एकही शब्द अस्पष्ट नव्हता. मग तिने ओटा उघडला, शामकलाचं नाव न घेता तिच्या आवाजातलं एक वाक्य टाकलं आणि खाली लिहिलं, ‘हे बोलणं कोणाला कळत नाही? ज्याला कळत नाही त्याने सांगा, मी रागावणार नाही.’

गुलाबचंदांनी पुन्हा कुलूप लावेपर्यंत खाली दोन-चार उत्तरं आली, सगळी ‘कळते’ म्हणणारी. पण नीतूला वेगळा, खासगी मेसेज आला तो रिंकी नावाच्या मुलीचा. रिंकी वर्षभर ओट्यावर होती आणि तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

‘दीदी, मुझे नहीं समझता. शायद वो मैं ही चेक करती हूँ.’

माझ्या बाजारातल्या खोलीवर आम्ही तिघं भेटलो. नीतू भांडायच्या तयारीने आली होती. पदर खोचलेला, जिना चढतानाच तिचं बोलणं सुरू. रिंकी आत बसली होती, हेल्मेट मांडीवर घट्ट धरून. नुकतीच कॉलेज संपवलेली मुलगी, गोंदिया शहरातली, घरी हिंदी बोलणारी.

“दीदी, मराठी तो सिर्फ स्कूल में पढ़ी,” ती म्हणाली. “वो लोग बोले, मराठी आती है? मैंने हाँ बोल दिया. काम चाहिए था. ऊपर से लिखा है कि समझ न आए तो रिजेक्ट करो. एक आवाज़ पे ज़्यादा रुको तो मेरी रेटिंग गिरती है. मेरे को क्या पता कि वो नवेगाँव की है. मेरे को तो नंबर दिखता है.”

“तं विचारायचं ना ओट्यावर,” नीतू म्हणाली. “वर्षभर काय करून राहिली तिथं?”

“किसी को पूछते देखा, तो सब बोले ऊपर देखो,” रिंकी म्हणाली. “फिर मैंने नहीं पूछा.”

नीतू खुर्चीवर बसली. तिने राग ज्याच्यासाठी आणला होता तो माणूस तिथे नव्हताच. समोर एक घाबरलेली मुलगी होती, तीही आमच्याच ओट्यावरची. एकाच ओट्यावर एक बोलणारी आणि एक फुली मारणारी, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

त्या दुपारी नीतूने शामकलाला व्हिडिओवर घेतलं. पहिली काही मिनिटं अवघड गेली. शामकलाने रिंकीला विचारलं, “तूच का नापास करते मले?” रिंकीने मान हलवली. मग शामकला एकेक वाक्य बोलली आणि नीतूने रिंकीला हिंदीत अर्थ सांगितला. तिघींनी मिळून कंपनीला लिहिलं की इथे लोक असंच बोलतात, ‘जाऊन राहिली’ ही चूक नाही, तपासणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. शब्द नीतूचे, नाव रिंकीचं, कारण ऐकलं तर तिचंच ऐकलं जाणार होतं.

उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ त्यानंतर काहीच नाही. नीतू रोज रिंकीला विचारायची, रिंकी रोज नाही म्हणायची. बऱ्याच दिवसांनी तपासणीच्या सूचनांत एक ओळ वाढली, की स्थानिक बोली स्वीकारावी. शामकलाची नवी वाक्यं पास व्हायला लागली. जुनी कोणी उघडून पाहिली नाहीत. आणि रिंकीला मराठीच्या कामावरून काढून हिंदीवर टाकलं, का ते सांगितलं नाही. हिंदीचं काम तिला कमी मिळतं.

“याले जिंकणं म्हणतात का?” नीतू मला म्हणाली. मी म्हटलं, थोडं. ती म्हणाली, “थोडं थोडं करूनच मरून जाईन मी.”

संघाची सर्वसाधारण सभा भरली तेव्हा गुलाबचंदांनी ठराव ठेवला की ओटा कायमचा सूचनांपुरता राहील. नीतू बोलायला उठली आणि तिचं बोलणं फसलं. रागाच्या भरात मुद्दे मागेपुढे झाले, चुन्नीलालचं नाव आधी आलं आणि कारण नंतर. लोक चुळबुळ करायला लागले. रिंकी उठली, तिने हिंदीत आपली हकिकत सांगितली, पण इतक्या हळू की मागच्या रांगांना ऐकूच गेलं नाही.

तेवढ्यात चुन्नीलाल उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं.

“हे पाहा,” तो म्हणाला, “माफी पाह्यजे असन तं मागतो. पण ओटा बंद नोका करू. तो बंद झाल्यापासून मले एक नवीन लग्न नाई भेटलं. नवे पोट्टे कोणाले विचारतात, कोण कुठं शूटिंग करते, काहीच कळत नाई.”

शूटिंगवाल्यांनी माना डोलावल्या. आता गर्दी त्या बाजूला आहे हे पाहून गुलाबचंदांनी ठराव मागे घेतला. ओटा वाचला, पण चुन्नीलालच्या धंद्यामुळे वाचला, हे नीतूला आजही खपत नाही.

“माफी मले नको, तिले मागा,” तिने त्याला सभेनंतर सांगितलं. त्याने फोन केला खरा. शामकलाकडून कळलं, “माफी मागितली. मंग म्हणे, तुमच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग मलेच द्या. भाव विचारला, तं लय महाग सांगते.” ती ओट्यावर परत आली नाही. अडलं की नीतूलाच फोन करते.

ओट्यावर आता एक नियम जास्त आहे. विचारलेल्याला संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर नीतू एकाचं नाव घेऊन सांगते, याचं उत्तर तुम्ही द्या. नाव घेतलेलं कोणालाच आवडत नाही. काही लोक त्यामुळे सोडून गेले. गुलाबचंद दर वेळी आकडा किती घसरला ते सांगतात. मलाही दोनदा उत्तर द्यायला लावलं तिने, ऐन लग्नसराईत.

मध्ये एकदा तिने सोडायचंच ठरवलं. गुलाबचंद म्हणाले, खुशाल सोडा, दुसरा माणूस द्या. तिने ओट्यावर विचारलं, कोण सांभाळता? दिवसभर कोणी बोललं नाही. शेवटी रिंकीने लिहिलं, ‘दीदी, आधा मैं करूँ?’ तेव्हापासून सकाळ नीतूची आणि दुपार रिंकीची.

दोघींचं पटतं असंही नाही. रिंकी लोकांना फार लवकर काढते असं नीतूचं म्हणणं, आणि दीदी फार वेळ समजावत बसतात असं रिंकीचं. परवा मी कुडव्याला गेलो तर दोघी जिन्यात उभ्या राहून भांडत होत्या. गुलाबाची फुलं टाकणाऱ्या एका जुन्या सभासदाला ठेवायचं की नाही, हा वाद. ओमेश्वर मिलमधून आला होता, त्याने वरून वाकून मला हाक मारली.

“या भाऊ, चहा घ्या. त्याइचं चालन अजून.”

मी दोघींच्या मधून वाट काढत वर गेलो.